एकोणऐंशीव्या मिनिटाचा भोंगा

पुएर्तो मिलाग्रो,
३ मे १९९४

डेल्फिना,

मी नेमेसिया बेनितेस. चौथीत तुला शिकवायला होते. तुझी आई आणि माझी आई मावसबहिणी, म्हणजे नात्यानेही मी तुझी कुणीतरी लागते. पण तू मला 'बाई'च म्हणायचीस, तेच चालू दे. तुझा पत्ता तुझ्या बहिणीकडून घेतला. देताना तिने तीनदा विचारलं, "कशाला हवाय?" मी तीनदा सांगितलं, "कामाला."

तर काम असं. येत्या १५ ऑगस्टला, मारियामातेच्या सणाला, आपलं वाचनालय एक पुस्तिका काढतंय: 'तीन बंदरांच्या चषकाचा इतिहास'. लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय. झालेल्यातला थोडा भाग खाली उतरवते. तू लहान होतीस, तरी घरात रेफ्री होते, काही चुकलं असेल तर कळव.

"हा चषक १९३६ साली सुरू झाला. मिलाग्रो, सान गालो आणि कारांदा ही नदीकाठची तीन बंदरं तो खेळत. कप सान गालोच्या लोहाराने बोटीच्या पितळी कंदिलापासून बनवला, म्हणून त्याला एका बाजूने अजून काजळी आहे. खेळाडू बहुतेक सगळे धक्क्यावरचे हमाल. नदीला पाणी कमी असलं की बोट कधी येईल याचा नेम नसे, आणि आलेली बोट कुणासाठी थांबत नसे. म्हणून सातवा नियम झाला: बोटीचा भोंगा ऐकू आला की खेळ थांबेल. चेंडू असेल तिथेच राहील. रेफ्री आपली टोपी त्यावर ठेवेल. सगळे धक्क्यावर जातील, आणि बोट रिकामी झाल्यावर खेळ टोपीपासून पुढे सुरू होईल. १९४३ची फायनल अशी शनिवारी सुरू होऊन सोमवारी संपली. १९५२च्या पुरात मैदानावर घोटाभर पाणी होतं. तेव्हा टोपी वाहून गेली आणि चेंडू कुठे होता यावर दोन गावांत सहा महिने बोलणं बंद होतं."

शेवटचं पान मात्र अडलंय. १२ सप्टेंबर १९७१ची फायनल. आमचा मिलाग्रो, समोर सान गालो, रेफ्री तुझे वडील डॉन अबुंदियो. बरोबरी असताना आमचा गोलकीपर रुफिनो जागा सोडून निघाला, सान गालोने रिकाम्या जाळ्यात गोल मारला. तो म्हणाला, भोंगा झाला. तुझे वडील म्हणाले, "मी ऐकला नाही." त्या दिवशी बोट आलीच नव्हती. मारामारी झाली, आणि पुन्हा कप कधी खेळला गेला नाही.

वाचनालयाचे अध्यक्ष डॉन तेओफिलो म्हणतात, "बाई, खरं ते लिहा. रुफिनोने सामना विकला. गावाला माहीत आहे." छापखान्यात जुलैअखेर मजकूर द्यायचाय. रुफिनो माझा धाकटा भाऊ. माझ्या घरात राहतो, जाळी विणतो, आणि तेवीस वर्षं मैदानाला वळसा घालून नदीवर जातो.

तुझे वडील प्रत्येक सामन्याची वही ठेवत. ती तुझ्याकडे आहे असं तुझी बहीण बोलून गेली. ती मला पाठव.

नेमेसिया

*

ब्युनोस आयर्स,
२१ मे १९९४

बाई,

तुमचं पत्र मिळालं. लिफाफा उघडून परत चिकटवल्यासारखा वाटला. लष्करी राजवटीचा काळ गेला म्हणतात, पण माझी सवय जात नाही. मी आधी कडा बघते आणि मग अक्षर.

माझ्याकडे वही नाही. बाबा गेले तेव्हा बहिणीने एक पेटी पाठवली होती, त्यात कपडे होते. वही असलीच तर उंदरांनी खाल्ली असेल.

मला त्या फायनलचं काही आठवत नाही. मी त्यानंतरच्या वर्षी इथे आले, मावशीकडे, शिवणकाम शिकायला. तुम्हाला दुसरं काही ऐकू आलं असेल तर ते गावाने रचलेलं आहे.

एक विचारते, राग मानू नका. तेवीस वर्षांनी तुम्हाला एकदम माझ्या बाबांची वही का हवी झाली? भावाला सोडवायचं तर कुणालातरी अडकवायला लागतं. मेलेला माणूस सोयीचा, तो उलटून बोलत नाही. हे तुमच्या डोक्यातलं की डॉन तेओफिलोंच्या?

रुफिनोला नमस्कार सांगा. किंवा नका सांगू.

डेल्फिना

*

पुएर्तो मिलाग्रो,
२ जून १९९४

डेल्फिना,

चौथीत तू खोटं बोलायचीस तेव्हा उत्तर फार लांबवायचीस. अजून तसंच आहे. 'वही नाही' एवढं लिहिलं असतंस तर मी गप्प बसले असते. उंदीर कशाला आणलेस?

फायनलच्या दिवशी मध्यंतराला चीजच्या चिपा-पावांची टोपली घेऊन तू बाकांवरून फिरत होतीस. पांढरे बूट घातले होतेस, सणाचे. खेळ परत सुरू झाला, आणि तुझी आई माझ्याकडे बघून म्हणाली, "ही गेली कुठे टोपली ठेवून?" तुझ्या वाटणीचा चिपा मी खाल्ला. त्या दिवसानंतर तुला गावात कुणी पाहिलं नाही. तू 'त्यानंतरच्या वर्षी' नाही गेलीस, डेल्फिना. त्याच रविवारी गेलीस.

आणि आता तू विचारलंच आहेस म्हणून मीही बोलते. त्याच महिन्यात तुझ्या वडिलांच्या गोठ्यात सान गालोहून एक तांबडा बैल आला. तो कुठून आला हे कुणी विचारलं नाही, कारण रेफ्रीला कोण विचारणार? सगळे रुफिनोच्या पायांकडे बघत होते. त्याने नवीन बूट घातले होते ना! "बघा, सान गालोचे बूट," म्हणाले. ते बूट मी आणले होते. दोन वर्षं रात्रंदिवस लेस विणून. मी चौकात उभी राहून सांगितलं तर डॉन तेओफिलो हसले. म्हणाले, "बहीण आहात, बाई. बहिणी असंच सांगतात."

मग तूच सांग. तू बसायचीस ती जागा रिकामी, तुझ्या वडिलांचे कान बंद, गोठ्यात नवा बैल. मी मास्तरीण आहे. मला बेरीज येते.

नेमेसिया

*

ब्युनोस आयर्स,
१४ जून १९९४

बाई,

बैल माझ्या मामाचा होता. मामा सान गालोत राहायचा आणि त्याच महिन्यात त्याने शेत सोडलं. बहिणीला विचारा, मामीला विचारा, खाटकाला विचारा. माझे बाबा सख्ख्या भावाविरुद्ध पेनल्टी देणारे होते. दिली होती, १९६४ साली. काका मरेपर्यंत आमच्या घरी जेवला नाही.

मी गेले तो दिवस माझा आहे. त्याचा तुमच्या फुटबॉलशी संबंध नाही.

तुम्ही सगळ्यांवर संशय घेता, एकाला सोडून. रुफिनोला कधी विचारलंत का हो?

डेल्फिना

*

पुएर्तो मिलाग्रो,
२५ जून १९९४

डेल्फिना,

तुझ्या मामीला विचारलं. बैल मामाचाच होता. मी चुकले. तुझ्या वडिलांची क्षमा मागायला आता कुठे जाऊ? तुझीच मागते.

आणि तू विचारलंस त्याचं उत्तर: नाही. मी रुफिनोला कधीच विचारलं नाही.

हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. तेवीस वर्षं त्याला जेवायला वाढते. त्याला मंडिओकाचा कंद जरा जळकट भाजलेला आवडतो हे मला माहीत आहे, झोपेत कुठल्या कुशीवर वळतो तेही माहीत आहे. पण भोंगा खरंच झाला का, हे विचारलं नाही. उत्तराला घाबरले. गावाशी भांडताना माझा आवाज एवढा का चढायचा ते आता कळतं. मलाही खात्री नव्हती.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी विचारलं. तो अंगणात शिंगातून थंडगार तेरेरे पीत बसला होता.

म्हटलं, "रुफिनो, भोंगा झाला होता?"

"झाला होता."

"कुणाचा? बोट तर तीस मैल खाली वाळूत रुतली होती."

"कुणाचा ते सांगणं गोलकीपरचं काम नाही."

"मग काय काम असतं?"

"भोंगा झाला की हातमोजे काढायचे आणि धक्क्याकडे चालायला लागायचं. मी तेवढं केलं."

"तू काही बघितलंस का?"

त्याने तेरेरेचं शिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "पी. पाणी कोमट होतंय."

तो काहीतरी लपवतोय, डेल्फिना. तूही लपवते आहेस. मी तुम्हा दोघांच्या मध्ये एक कोरं पान घेऊन बसले आहे. महिन्याभरात ते डॉन तेओफिलो भरतील.

नेमेसिया

*

ब्युनोस आयर्स,
९ जुलै १९९४

बाई,

वही आहे.

पेटी चौदा वर्षं कपाटावर होती. मी उघडली नव्हती. कपडे आहेत हे मी अंदाजाने लिहिलं होतं. तुमच्याशी खोटं बोलले, पण तेव्हा पेटीत काय आहे हे खरंच मला माहीत नव्हतं. उघडायची भीती वाटायची. गेल्यावर मी बाबांना अकरा पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. बहीण म्हणायची, "ते तुझं नाव घेत नाहीत." मला वाटायचं, पेटीत ती पत्रं न फोडलेली सापडली तर मी काय करू?

परवा तुमचं पत्र वाचून स्टुलावर चढले. शिट्टी होती, टोपी होती, वही होती. माझी अकरा पत्रं होती. सगळी फोडलेली. घड्यांवर फाटत आलेली, इतक्या वेळा उघडलेली.

मग वही उघडली. तुम्हाला त्यांची पद्धत माहीत आहे, मिनिट आणि घटना, दुसरं काही नाही. '१२वं मिनिट. गोल, मिलाग्रो.' '४०वं. गोल, सान गालो.' '६६वं. कुत्रा मैदानात.' आणि नंतर:

'७९वं मिनिट. भोंगा. मी ऐकला नाही.'

मी ती ओळ किती वेळा वाचली सांगता येणार नाही. न ऐकलेल्या भोंग्याचं मिनिट कुणी लिहितं का, बाई?

आता माझा दिवस तुम्हाला देते.

माझा नवरा लाझारो तेव्हा वाळूच्या लाँचवर मशीन चालवायचा. कारांदाचा, बिनघरचा, बाबांना चालला नसता. आम्ही ठरवलं की फायनलच्या दिवशी सगळं गाव मैदानावर असेल, गोलामागच्या धुण्याच्या घाटावर तो लाँच लावेल, आवाज न करता. मी टोपली ठेवली, बूट हातात घेतले आणि पळाले. आणि लाँच वळणावरून येताना भोंगा वाजला. एकदाच, छोटा. मी जागच्या जागी थिजले. मग कुणीच आलं नाही, मागे नुसता आरडाओरडा झाला. मला वाटलं गोल झाला म्हणून ओरडतायत. चढले आणि गेले. मागे बघितलं नाही.

इतकी वर्षं मी म्हणत होते की भोंगा कुणी ऐकलाच नाही. पेटी उघडल्यावर लाझारोला विचारलं. तो बनियनवर दाढी करत होता.

"तू भोंगा का दिलास रे त्या दिवशी?"

"कुठल्या दिवशी?"

"लाझारो!"

"वळण होतं ना. वळणावर भोंगा देतातच."

"मी तुला देऊ नकोस म्हटलं होतं."

"हो, पण हात गेला. समोरून कुणी आलं असतं तर?"

"समोरून कोण येत होतं?"

"कुणी नाही. पण वळण होतं ना, डेल्फिना."

त्याला मी ओळ वाचून दाखवली. अर्ध्या दाढीचा साबण वाळला तरी तो उभाच होता.

बाबांनी खेळ थांबवला असता, तर सगळं गाव धक्क्याकडे पळालं असतं आणि वाटेत मी, बूट हातात घेऊन. त्यांनी बाकाकडे पाहिलं असणार. जागा रिकामी. त्यांच्या लक्षात आलं असणार. एका श्वासात त्यांना ठरवायचं होतं, आणि त्यांनी माझ्यासाठी तो नियम मोडला. त्यात रुफिनोचा बळी गेला. नंतर त्यांनी कधी शिट्टी हातात घेतली नाही, हे मला बहिणीने सांगितलं होतं. मी समजायचे, माझ्या लाजेने. ती त्यांची स्वतःची लाज होती.

पार्सल बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे, टपालाचा मला भरवसा नाही. वही आणि टोपी. माझं नाव छापा. पळाले ते छापा. लाझारोचं छापा. रुफिनोकडून मी काय मागू, मला कळत नाही.

तुमची
डेल्फिना

*

पुएर्तो मिलाग्रो,
२४ जुलै १९९४

डेल्फिना,

पार्सल मिळालं. दोऱ्याची गाठ जशीच्या तशी होती, बघितली. मलाही आता तुझी सवय लागली आहे.

रुफिनोला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो जाळं सोडवत होता, हात थांबले नाहीत. बुटांपर्यंत आले तेव्हा तो म्हणाला, "पांढरे. डाव्या हातात."

मी पत्र खाली ठेवलं. "तुला माहीत होतं?"

"हातमोजे काढून वळलो, तर समोर घाटच होता. पळत होती. लाँचपर्यंत वीसेक पावलं राहिली होती."

"आणि तू बोलला नाहीस! तेवीस वर्षं!"

"बोललो की. भोंगा झाला म्हणालो. सगळ्यांना ओरडून सांगितलं."

"कुणाचा ते सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर ती वीस पावलं तिला कुणी चालू दिली असती? तिच्या भावांनी? आणि नंतर सांगून काय, अबुंदियोला गावापुढे उभा करायचा? तो सगळ्यांसमोर 'ऐकला नाही' म्हणाला तेव्हा माझ्याकडे बघत होता, नेमे. माझ्या डोळ्यांत बघत होता. मला वाटलं, उद्या हा येईल आणि स्वतः सांगेल. मग वाटलं, परवा येईल."

"आला का?"

"घराच्या कोपऱ्यापर्यंत यायचा. पुष्कळदा. उभा राहायचा आणि जायचा."

मला राग यायला हवा होता. तुझ्या वडिलांचा, तुझा, त्याचा. आला पण. मग मागे अंगणात जाऊन रडून घेतलं. माझ्याच घरात सगळं सांगणारा माणूस होता, आणि मी ते तुझ्या पेटीत शोधत होते.

तुझं नाव छापायचं नाही म्हणतो तो. मी हुज्जत घातली. तर म्हणाला, "नियमात भोंगा म्हटलंय. भोंगा कुणासाठी वाजला हे नियमात नाही."

उद्या वही घेऊन डॉन तेओफिलोंकडे जाते.

नेमेसिया

*

पुएर्तो मिलाग्रो,
१८ ऑगस्ट १९९४

डेल्फिना,

सगळं एका दमात सांगते.

डॉन तेओफिलोंनी ती ओळ वाचली. चष्मा पुसला, परत वाचली. म्हणाले, "ही शाई नंतरची तर नाही ना?" मी म्हटलं, "वास घेऊन बघा." त्यांनी खरंच घेतला. मग म्हणाले, "बाई, एक सांगू? मीही ऐकला होता. बारीक असा. पण अबुंदियो नाही म्हणाला, म्हणून मला वाटलं आपल्यालाच भास झाला." त्यानंतर या आठवड्यात मला भेटून 'मीही ऐकला होता' म्हणणारे सात जण झाले. सात, डेल्फिना. मी एकालाही बसायला सांगितलं नाही.

पुस्तिका निघाली. शेवटचं वाक्य असं आहे: 'अंतिम सामना ७९व्या मिनिटाला, १-१ अशा बरोबरीत असताना, सातव्या नियमाप्रमाणे भोंग्यामुळे थांबला. त्यानंतर झालेला गोल धरता येत नाही.' तुझं नाव कुठे नाही.

सान गालोचे लोक सणाला आले होते. त्यांचा म्होरक्या पुस्तिका हलवत ओरडत होता, "म्हणजे आम्ही जिंकलोच नाही? मग कपाचं काय?" कारांदाची एक म्हातारी म्हणाली, "असू दे तुमच्याकडेच. तुमच्या कोंबड्या पाणी कशात पितील?" भांडण होणार होतं, पण सगळेच हसले.

त्याच वेळी रुफिनो उठला. तो सणाला येत नाही, त्या दिवशी का आला होता कळलं नव्हतं. काखेत चेंडू होता, पिशवीत टोपी. सगळ्यांसमोरून मैदानावर गेला, तेवीस वर्षांनी, सरळ मधून. नदीकडच्या गोलापाशी थांबला, खांबापासून डावीकडे दहा पावलं मोजली, थोडा विचार करून अर्धं पाऊल मागे आला आणि चेंडू ठेवला. त्यावर तुझ्या वडिलांची टोपी. सान गालोच्या म्होरक्यानेही डोक्यावरची काढून हातात घेतली.

मग सगळ्या पोरासोरांना, म्हाताऱ्यांना जोर चढला. उरलेली अकरा मिनिटं आत्ताच खेळू म्हणाले. डॉन तेओफिलो शिट्टी शोधायला लागले. रुफिनो टोपीसमोर उभा राहिला आणि हलेना.

"नियम वाचा," म्हणाला. "बोट रिकामी झाल्यावर खेळ सुरू होतो. ती बोट अजून धक्क्याला लागलेली नाही."

लोकांना वाटलं, म्हातारपण लागलं याला. मला कळलं, कुठली बोट. त्याने माझ्याकडे बघितलं, म्हणून तुला लिहिते आहे.

टोपी अजून तिथेच आहे. गुरं चरायला येतात ती तिच्या बाजूने जातात. रुफिनो रोज सकाळी जाऊन तिच्यावरचं दव झटकतो. पण ऊन वाढायला लागलंय आणि कापड जुनं आहे. लाझारोला सांग, वळणावर भोंगा दे.

तुझी
नेमेसिया